किनाऱ्याची किंमत: मॉरिशसच्या पुळणींचा इतिहास

मॉरिशस हे हिंदी महासागरातले ज्वालामुखीचे बेट मादागास्करच्या पूर्वेला सुमारे साडेआठशे किलोमीटरवर आहे. त्याचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. भूशास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोताने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला, त्यावरूनच पुढे भूपट्ट सरकत गेला. त्या वाटेवर लक्षद्वीप-मालदीवची रांग उभी राहिली आणि अगदी अलीकडे मॉरिशस आणि रेयुनियन ही बेटे वर आली. त्यामुळे मॉरिशसचा दगड सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद ठरतो. किनाऱ्यावरची वाळू मात्र त्या दगडाची नव्हे. ती प्रवाळाचा आणि शंखशिंपल्यांचा पांढरा चुरा आहे. बेटाला सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या प्रवाळाच्या कठड्याने वेढले आहे. महासागराच्या लाटा या कठड्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला उथळ, संथ, फिकट हिरव्या पाण्याचे लगून तयार होते. दक्षिणेला सुइयाकजवळच्या ग्री-ग्री भागात कठडा तुटला आहे. तिथे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात.

मॉरिशसची सहल ठरवणारा माणूस आज सगळ्यात आधी समुद्राला लागून असलेल्या हॉटेलाचे भाव पाहतो. खोलीच्या खिडकीतून पाणी दिसते की मागची बाग, यावर दर बदलतो. ही रीत जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांची आहे. त्याआधी साडेतीन शतके बेटावरच्या माणसांनी किनाऱ्याकडे पाठ फिरवली होती, आणि तसे करण्याला त्यांच्याकडे सबळ कारणे होती.

बेटावर मूळचे रहिवासी नव्हते. अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होते, पोर्तुगीज जहाजेही तिथून गेली, पण वस्ती कोणी केली नाही. सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजे आग्नेयेच्या उपसागरात नांगरली आणि डचांनी बेटाला आपल्या नासाऊच्या राजपुत्राचे, मॉरिट्सचे नाव दिले. त्यांना किनारा हवा होता तो पिण्याचे पाणी भरायला, कासवे आणि पक्षी मारून खारवायला आणि एबनीचे काळे लाकूड जहाजावर चढवायला. १६३९ मध्ये त्यांनी जावा बेटावरून ऊस आणि हरणे आणली. उंदीर मात्र बोलावल्याशिवायच उतरले. उडता न येणारा डोडो पक्षी विश्वसनीय नोंदीनुसार शेवटचा दिसला तो १६६२ मध्ये. दोनदा वस्ती करून पाहिल्यावर १७१० मध्ये डच निघून गेले. जाताना त्यांनी मागे ठेवला तो ऊस, आणि पुढची अडीचशे वर्षे बेट त्याच्याच भोवती फिरले.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर ताबा सांगितला आणि १७२१ पासून वसाहत सुरू केली. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने याने वायव्येला पोर्ट लुई हे बंदर बांधून काढले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानकडे येणाऱ्या फ्रेंच जहाजांचा तो मुक्काम झाला. बंदराला महत्त्व आले, पण उरलेला किनारा धोक्याचाच राहिला. आज पर्यटकाला सुरक्षित वाटणारा प्रवाळकठडा खलाशाच्या दृष्टीने पाण्याखाली दडलेला सुरा होता. ऑगस्ट १७४४ मध्ये साँ-जेराँ हे जहाज ईशान्येला इल दाम्ब्रजवळ त्याच कठड्यावर फुटले आणि त्यावरची जवळपास सगळी माणसे बुडाली. १७६८ ते १७७० या काळात बेटावर राहून गेलेल्या बेर्नार्दँ द साँ-पिएर या फ्रेंच लेखकाने हा अपघात आपल्या ‘पोल ए विर्जिनी’ या कादंबरीचा शेवट म्हणून वापरला. १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक युरोपभर वाचले गेले. उष्ण कटिबंधातले हिरवे, निष्पाप बेट ही कल्पना युरोपच्या डोक्यात रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. गंमत अशी की त्या कादंबरीत सुख असते ते डोंगरातल्या खोऱ्यात, आणि समुद्र असतो नायिकेला गिळणारा. पुढे पर्यटनाने बेट तेच ठेवले आणि या दोहोंच्या जागा तेवढ्या अदलाबदल करून टाकल्या.

किनाऱ्याचा दुसरा धोका शत्रूचा. मॉरिशसच्या बंदरातून फ्रेंच खासगी युद्धनौका निघत आणि इंग्रज कंपनीची मालाने भरलेली जहाजे पकडून आणत. इंग्रज कधीतरी उतरणार हे उघड होते. म्हणून भरतीच्या रेषेपासून आतली पन्नास पावलांची पट्टी सरकारने स्वतःच्या ताब्यात राखली होती. तोफांची ठाणी उभारायची, सैन्याला किनाऱ्याने हलता यायला हवे आणि शत्रूच्या नजरेआड राहायला झाडी शिल्लक हवी, एवढाच त्यामागचा हिशेब होता. १८०७ मध्ये जनरल दकाँ गव्हर्नर असताना या पट्टीचा कायदा पक्का झाला. फ्रेंच नावाने ती ‘पा जेओमेत्रिक’ म्हणून ओळखली जाते आणि तिची रुंदी आजही कायद्यात ८१ मीटर २१ सेंटिमीटर अशी नोंदलेली आहे. कायद्याने ही जमीन विकता येत नव्हती. ती सरकारची आणि सरकारचीच राहणार होती.

लष्करी दृष्टीने पट्टीचा उपयोग झाला नाही. २९ नोव्हेंबर १८१० रोजी इंग्रज फौज उत्तर टोकाच्या काप मालेरो इथे उतरली आणि काही दिवसांत बेट पडले. या फौजेत हिंदुस्थानातून आणलेले शिपाईही होते. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने रेयुनियन फ्रान्सला परत मिळाले, मॉरिशस इंग्रजांकडे राहिले. पण फ्रेंच कायदे, भाषा आणि मालमत्तेचे हक्क कायम ठेवण्याचे वचन इंग्रजांनी दिले होते. त्यामुळे तोफा गंजून गेल्या तरी पन्नास पावलांची पट्टी टिकली, फक्त तिचा मालक ब्रिटिश राजमुकुट झाला. पुढच्या शतकात या जमिनीवर गुरे चरली, चुन्याच्या भट्ट्या पेटल्या आणि वाळू धरून ठेवण्यासाठी सुरूची झाडे लावली गेली. प्रवाळ भाजून काढलेला चुना साखर कारखान्यांना आणि बांधकामाला लागे. त्या भट्ट्यांचे पडके बुरूज अजून किनाऱ्यावर दिसतात. कोकणातून गेलेल्या माणसाला मॉरिशसच्या पुळणीवरची सुरूची बने ओळखीची वाटतात. स्थानिक लोक त्या झाडाला ‘फिलाओ’ म्हणतात.

पैसा आत होता, उसाच्या मळ्यांत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३९ मध्ये मुक्त गुलामांवरची सक्तीची उमेदवारीही सुटली. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी मळ्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते किनाऱ्यावर, विशेषतः पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हरच्या बाजूला, मासेमारी करून राहू लागले. ज्या जमिनीला भाव नाही तिथेच त्यांना कोणी हटकणार नव्हते. त्याआधी पळालेल्या गुलामांनी नैर्ऋत्येच्या ल मॉर्न या समुद्रात घुसलेल्या डोंगरावर आसरा घेतला होता. २००८ मध्ये युनेस्कोने त्या डोंगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच्या पायथ्याच्या पुळणीवर आता बेटावरची महागडी हॉटेले आहेत.

मळ्यांना हात हवे होते, ते हिंदुस्थानातून आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक गिरमिटिये पोर्ट लुईच्या धक्क्यावर आले. तोच आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. कलकत्ता आणि मद्रास यांच्या तुलनेत मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या सर्वांत कमी होती. त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतले मराठी बोलणारे कुणबी आणि इतर कष्टकरी होते. त्यांच्या वस्त्या ब्लॅक रिव्हर आणि वाकोआ भागांत झाल्या. घरातली मराठी पुढे क्रिओलने मागे सारली, तरी देवघर, आरत्या आणि गणपती टिकले. गणेश चतुर्थी आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे आणि मूर्तींचे विसर्जन नदीत किंवा समुद्रात होते. मळ्यात राबणाऱ्या मराठी कुटुंबासाठी किनारा हे विरंगुळ्याचे ठिकाण नव्हते, पण पुढे ज्या पश्चिम पुळणींवर हॉटेले उभी राहिली त्यांच्या पाठीमागच्या गावांत ही माणसे त्याआधी कित्येक पिढ्या राहत होती.

किनाऱ्याची उरलीसुरली पत हिवतापाने घालवली. १८६० च्या दशकापर्यंत बेटावर हिवताप नव्हता. त्याचे डास जहाजांमधून आले असावेत असे मानले जाते. १८६६ मध्ये साथ पसरू लागली आणि १८६७ या एकाच वर्षात तिने तीस हजारांहून अधिक बळी घेतले. बेटाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती. डास सखल, पाणथळ भागांत वाढत, उंचावरच्या थंड पठारावर कमी. ज्यांना परवडले ते पोर्ट लुई सोडून क्युरपिप आणि आसपासच्या गावांत चढून गेले. नुकतीच सुरू झालेली रेल्वे त्यांच्या कामी आली. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे क्युरपिप पावसाळी, धुकट आणि ओलसर आहे, तरी शंभर वर्षे बेटावरचे प्रतिष्ठित पत्ते तिथलेच राहिले. समुद्रकाठी राहत होते कोळी, गरीब आणि सरकारी पहारेकरी. त्यातच १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून हिंदुस्थानकडे जाणारी जहाजे मॉरिशसच्या वाटेला येईनाशी झाली.

१८९६ मध्ये हिंदुस्थानची सफर आटोपून दक्षिण आफ्रिकेकडे निघालेला मार्क ट्वेन काही दिवस मॉरिशसमध्ये थांबला. तो राहिला क्युरपिपला. मॉरिशस आणि स्वर्ग यांचे नाते सांगणारे जे वाक्य पर्यटनाच्या पत्रकांत त्याच्या नावावर खपवले जाते, ते त्याने स्थानिक माणसाच्या तोंडचे म्हणून आणि काहीशा थट्टेने नोंदवले होते. बेटाची जाहिरात करणाऱ्यांनी वाक्य उचलले आणि थट्टा तेवढी गाळली. डास आणि हिवताप यांचे नाते सिकंदराबादेत शोधून काढणारे रोनाल्ड रॉस १९०७ च्या अखेरीस पाहणीसाठी बेटावर आले. दलदली बुजवा, पाण्याचा निचरा करा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. त्यांची अंमलबजावणी तुकड्यातुकड्यांनी झाली आणि साथी येतच राहिल्या.

या काळातही किनाऱ्याशी एक मर्यादित, मोसमी नाते होते. मळेवाल्या फ्रेंच कुटुंबांनी पन्नास पावलांच्या पट्टीत सरकारकडून भाडेपट्ट्याने जागा घेतल्या आणि लाकडी, उसाच्या पाचटाने किंवा गवताने शाकारलेली घरे बांधली. त्यांना ‘काँपमाँ’ म्हणत. डास कमी असण्याच्या थंड महिन्यांत कुटुंब, नोकरचाकर आणि स्वयंपाकाची भांडी अशी सगळी स्वारी तिथे जाई आणि उकाडा सुरू होण्याआधी परत पठारावर येई. घर साधे असावे, चक्रीवादळात उडाले तरी हळहळ वाटू नये, अशी त्याची बांधणी होती. पुढे १९७० च्या दशकात हॉटेलांनी पाचटाचे छप्पर, मोकळा ओटा आणि वाळूवर उघडणारे दार ही काँपमाँची घडण उचलली आणि ती ‘पारंपरिक’ म्हणून विकली. परंपरा होती खरी, पण ती बेटावरच्या मूठभरांची.

किनाऱ्याचे दार उघडले ते डीडीटीने. १९४८ पासून घराघरांत फवारणीची मोठी मोहीम झाली आणि काही वर्षांतच हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त असल्याचे मान्य केले. पुढे रोग पुन्हा डोकावला, पण स्थानिक लागण नंतर आटोक्यात आली. पर्यटनाच्या इतिहासात विमान कंपन्या आणि हॉटेलवाले यांची नावे येतात, फवारणी करणाऱ्यांची येत नाहीत. वास्तविक त्यांच्याशिवाय समुद्रकाठची एकही खोली भाड्याने गेली नसती.

हिवताप गेल्याने मृत्युदर घसरला आणि त्याच फवारणीने बेटापुढे दुसरा प्रश्न टाकला. १९४४ च्या खानेसुमारीत लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आत होती, ती १९६२ मध्ये पावणेसात लाखांच्या पुढे गेली. निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता. १९६० मध्ये आधी ॲलिक्स आणि मग कॅरोल अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ आली आणि ऊस आडवा झाला. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात बेटाच्या भवितव्याविषयी फारशी आशा दाखवली नाही. एवढ्या माणसांना काम देण्याची ताकद उसात नव्हती. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या या गृहस्थांचा अंदाज चुकला, आणि तो कसा चुकला हे मॉरिशसचे लोक आजही आनंदाने सांगतात. पण अहवालातली काळजी खोटी नव्हती. १२ मार्च १९६८ रोजी सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला तेव्हा बेकारी हा सरकारपुढचा पहिला प्रश्न होता.

पर्यटक यायला वाट हवी होती. मॉरिशस आणि रेयुनियन यांच्यामधल्या पहिल्या विमानोड्डाणाची नोंद १९३३ ची आहे. ते झाले उत्तरेच्या मों श्वाझी इथल्या गवताळ पट्टीवरून. ती जागा आज सार्वजनिक पुळणीला लागून आहे आणि तिथे स्मारकही आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेयेला प्लेझाँस इथे लष्करी धावपट्टी तयार झाली आणि युद्धानंतर ती नागरी विमानांना खुली झाली. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने सिडनी ते जोहान्सबर्ग अशी सेवा सुरू केली. कोकोस बेटे आणि मॉरिशस हे तिचे समुद्रातले थांबे होते. विमानांना इंधन आणि प्रवाशांना रात्रीपुरते अंथरूण लागे. त्यामुळे विमानतळाजवळच्या ल शालाँसारखी समुद्रकाठची मोजकी हॉटेले निघाली. ती मुख्यतः अडलेल्या प्रवाशांच्या सोयीची. बेट हेच मुक्कामाचे ठिकाण मानून येणारे थोडे होते.

१९६७ मध्ये एअर मॉरिशस कंपनीची स्थापना झाली. तिच्यामागे आमेदे मैंगार हा मॉरिशियन उद्योजक होता. महायुद्धात त्याने फ्रान्समध्ये ब्रिटिश गुप्त संघटनेसाठी काम केले होते आणि परतल्यावर रॉजर्स या व्यापारी पेढीत तो मोठा झाला. विमान आणि हॉटेल ही एकाच धंद्याची दोन चाके आहेत हे त्याने लवकर ओळखले. सुरुवातीला कंपनीकडे स्वतःचे विमानही नव्हते. १९७२ मध्ये भाड्याच्या छोट्या पायपर नवाहोने रॉड्रिग्ज बेटाची सेवा सुरू झाली, त्यानंतर भाड्याच्याच मोठ्या विमानाने लंडन. हॉटेलांच्या बाजूला १९७१ मध्ये वायव्य किनाऱ्यावर त्रू-ओ-बिश उभे राहिले. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोल कर्झनरने पूर्व किनाऱ्यावर आलिशान हॉटेल काढले आणि त्याला नाव दिले १७४४ मध्ये तिथून जवळच बुडालेल्या जहाजाचे, ल साँ-जेराँ. फुटलेल्या जहाजाचे नाव सुट्टीच्या ठिकाणाला देण्याचे धाडस कादंबरीमुळेच शक्य झाले असावे.

या हॉटेलांचा पैसा दोन ठिकाणांहून आला. एक दक्षिण आफ्रिका. वर्णभेदामुळे अनेक देशांनी तिथल्या प्रवाशांना दारे बंद केली होती, मॉरिशसने केली नाहीत. स्वतः गुलामगिरी आणि गिरमिट भोगलेल्या बेटाने ही पाहुणेमंडळी व्यवहारासाठी पत्करली, आणि या विसंगतीबद्दल तिथे त्या काळीही कुरबुर होती. दुसरा स्रोत साखरच. १९७० च्या दशकाच्या मध्यात साखरेचे जागतिक भाव चढले आणि १९७५ च्या लोमे करारातून युरोपने ठरावीक कोट्याला चांगला भाव बांधून दिला. मळेवाल्या घराण्यांच्या हाती आलेला नफा हॉटेलांत उतरला. म्हणून मॉरिशसची मोठी हॉटेले बव्हंशी स्थानिक भांडवलाची राहिली. कॅरिबियन बेटांत परदेशी कंपन्यांचे जे वर्चस्व दिसते ते इथे नाही. मात्र स्थानिक म्हणजे कोणाचे, हा प्रश्न उरतोच. ऊस आणि पुळण ही दोन्ही बहुतांशी त्याच घरांकडे राहिली.

इथे पन्नास पावलांची पट्टी पुन्हा कामाला आली. किनाऱ्याची जमीन सरकारचीच असल्याने हॉटेलांना ती विकत घेता येत नव्हती, भाडेपट्ट्यावर घ्यावी लागत होती. कोणत्या किनाऱ्यावर किती हॉटेले हे सरकारला ठरवता आले आणि उंच इमारतींची गर्दी टळली. स्वस्त चार्टर विमानांना सरकारने दीर्घकाळ परवानगी दिली नाही. थोडे पण खर्चिक पाहुणे हे धोरण होते. १९६८ मध्ये सुमारे पंधरा हजार पर्यटक आले होते, १९७७ मध्ये त्यांनी लाखाचा आकडा ओलांडला, १९९० मध्ये ते तीन लाखांच्या जवळ गेले आणि २००० मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास. ‘थोडे’ या शब्दाचा अर्थ दर दशकाला सैल होत गेला.

हॉटेले कुठे उभी राहिली याचा हिशेब वारा आणि कठडा यांनी केला. बेटावर बहुतेक वर्षभर आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. उत्तरेचा ग्राँ बे आणि पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक हे भाग आडोशाला असल्याने शांत आणि कोरडे राहतात. पूर्वेला बेल मारची पुळण लांब आणि देखणी आहे, पण मे ते सप्टेंबरमध्ये तिथे वारा झोंबतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उकाड्याचा आणि पावसाचा काळ आणि त्यातले जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. दक्षिण गोलार्धातला हा उलटा मोसम भारतीय प्रवाशाला पटकन लक्षात येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तो पोहोचतो तेव्हा तिथे हिवाळा लागत असतो. पश्चिमेला तामारँच्या खाडीसमोर कठड्यात खिंड आहे आणि तिथे उंच लाटा उठतात. १९७४ च्या एका अमेरिकी लाटस्वारीच्या चित्रपटाने ही खाडी ‘संतोषा’ या नावाने दाखवली आणि बेटाचे खरे नाव झाकून ठेवले.

कायद्याने ओल्या वाळूपर्यंतचा किनारा सर्वांचा आहे. हॉटेलासमोरून कोणीही चालत जाऊ शकतो. व्यवहारात मात्र मुख्य रस्त्यापासून वाळूपर्यंत पोहोचण्याची वाट हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या भिंतींनी जागोजागी अडते आणि तिच्यावरून वाद होत राहतात. सरकारने काही पुळणी सार्वजनिक म्हणून जाहीर केल्या आणि त्यांच्या देखभालीसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमले. रविवारी या पुळणींवर मॉरिशस आपल्या खऱ्या रूपात भेटते. गावातून भाड्याची बस करून तीन पिढ्या येतात, सुरूच्या सावलीत सतरंज्या पसरतात, बिर्याणीची पातेली उघडतात आणि संध्याकाळी रावान वाजू लागते. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ. गुलामांच्या वस्तीत जन्मलेल्या सेगा नाचगाण्याचा तो ठेका आहे. हा पारंपरिक सेगा २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. हॉटेलांत आठवड्याच्या ठरावीक रात्री रंगीत घागऱ्यांत सादर होतो तो त्याचा धुतलेला, इस्त्री केलेला अवतार.

पर्यटनाने ज्या वाळूला भाव आणला तिचाच उपसा बांधकामासाठी होत होता. लगूनमधून होड्या भरभरून प्रवाळवाळू काढली जाई, कारण काळ्या दगडाच्या बेटावर दुसरी वाळू सहज मिळत नाही. हॉटेलांच्या भिंतीतही ती गेली. २००१ मध्ये या उपशावर बंदी आली आणि बांधकामाने बसाल्ट भरडून केलेली वाळू पत्करली. तोवर अनेक ठिकाणी पुळण मागे सरकू लागली होती. त्यात समुद्राचे तापणे, प्रवाळाचे पांढरे पडणे आणि पाण्याची चढती पातळी यांची भर पडली. कठडा मेला तर वाळूचा पुरवठाही थांबतो, कारण ती त्याचाच चुरा असते. काही किनाऱ्यांवर सुरूची उघडी मुळे वाळूतून वर आली आहेत, काही ठिकाणी दगडांचे बांध घातले आहेत.

२००२ मध्ये सरकारने परदेशी धनिकांना ठरावीक वसाहतींत बंगले विकत घेण्याची मुभा देणारी योजना आणली. युरोपने साखरेचा बांधलेला भाव कमी करायला सुरुवात केल्यावर उसाच्या शेतांवर गोल्फची मैदाने आणि बंगले दिसू लागले. तो दशकभराचा बदल मळेवाल्यांच्या दृष्टीने स्वाभाविक होता. जमीन तीच, पीक बदलले. भारतीय पर्यटकांचा ओघ मुख्यतः १९९० च्या दशकानंतरचा. हिंदी चित्रपटांतली गाणी, मुंबईहून थेट विमान आणि आगाऊ व्हिसाची कटकट नसणे या तिन्हींनी मॉरिशस मधुचंद्राच्या यादीत आणले. २०१८ मध्ये भारतातून ऐंशी हजारांहून अधिक लोक गेले. एकूण पर्यटक त्या वर्षी चौदा लाखांच्या जवळ होते, बेटाच्या लोकसंख्येहून जास्त. त्यात फ्रान्स आणि रेयुनियन यांचा वाटा नेहमीप्रमाणे मोठा होता.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाल्या आणि पुढच्याच महिन्यात एअर मॉरिशसने स्वतःला प्रशासकांच्या हवाली केले. त्याच वर्षी २५ जुलै रोजी ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज आग्नेयेला प्वँत देनीजवळ प्रवाळकठड्यावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. सरकारी यंत्रणा हलण्याची वाट न पाहता हजारो लोक माहेबुरच्या किनाऱ्यावर जमले आणि कापडी नळ्यांत उसाचे पाचट कोंबून त्यांनी तेल अडवणारे तरंगते बांध शिवले. लांबून मदत यायच्या आत तेलाचा बराच भाग या बांधांनी रोखला. सीमा १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण खुल्या झाल्या. एअर मॉरिशस प्रशासकांच्या हातून सुटून पुन्हा उडू लागली आणि २०२४ मध्ये पर्यटकांचा आकडा परत साडेतेरा लाखांच्या पुढे गेला.